काळ्या रेघा, तपकिरी रेघा

गेल्या पावसाळ्यात साताऱ्याहून मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्या त्या कपाला आणखी रेघा पडल्यात. दिलास तेव्हा नुसत्या काळ्या होत्या. आता त्यांच्या मधे मधे बारीक तपकिरी आल्यात. तारेच्या घासणीनं घासला, तरी जात नाहीत."

तो कप मी तिला आदल्या दिवाळीत दिला होता. राखाडी-निळसर झिलई आणि तिच्यावर काळ्या रेघांचं मोठं, मोकळं जाळं. देताना बजावलं होतं की हा शोभेचा आहे, कपाटात ठेव. मावशीला कपाटातल्या वस्तू पटत नाहीत. ती त्यातून दोन्ही वेळचा चहा पीत होती.

"मावशी, घासू नकोस. आणि त्यातून चहाही पिऊ नकोस."

"का? फुटणार आहे का?"

"फुटणार नाही. पण रेघा वाढतील."

"किती?"

इथे मी अडले. बारा वर्षं मी माती मळते आहे, भट्ट्या लावते आहे. झिलईत काय घातलं की तडे जातील आणि काय घातलं की जाणार नाहीत, हे मला बऱ्यापैकी कळतं. पण या कपावर पुढची रेघ कधी पडेल, कुठून निघेल, कुठे थांबेल, हे मला सांगता येत नाही. हाती घेतलेल्या कुठल्याही एका कपाबद्दल ते कुणालाच सांगता येत नाही.

*

मातीच्या भांड्यावरची झिलई म्हणजे काच. गारगोटी, फेल्डस्पार, चुना, थोडी चिनीमाती हे सगळं दळून पाण्यात कालवायचं, एकदा भाजलेलं भांडं त्यात बुचकळायचं आणि पुन्हा भट्टीत लावायचं. माझ्या विजेच्या भट्टीत १२२० अंश सेल्सियसला तो लेप वितळतो आणि मधासारखा भांड्यावर पसरतो. इथवर सगळं ठीक असतं. खरी कहाणी भट्टी बंद केल्यावर सुरू होते.

थंड होताना माती आकसते, काचही आकसते. काच पातळ आहे तोवर ती मातीबरोबर हवी तशी सरकते, वाद होत नाही. साधारण ६०० अंशांच्या आसपास ती थिजते, आणि तिथून पुढे दोघी एकमेकींना चिकटलेल्या. आता काच जास्त आकसणारी असेल, तर तिला जेवढं लहान व्हायचंय तेवढं माती होऊ देत नाही. माझ्या मातीचे आणि या झिलईचे आकडे धरून हिशेब केला, तर एक फूट व्यासाच्या ताटलीत दोघींच्या आकसण्यात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा फरक पडतो. फरक इवलासाच आहे. पण काच दाब सोसते, ताण सोसत नाही. ती तडकते, आणि ते उणं पडलेलं अंतर शेकडो रेघांमध्ये वाटून टाकते.

उलटंही होतं. माती जास्त आकसली की काच दाबली जाते. थोडी दाबली तर उत्तमच, भांडं उलट मजबूत होतं. रोजच्या वापराची भांडी करणारे सगळे तेवढंच साधायला बघतात. फार दाबली गेली, तर कडेवरून कपच्या उडतात, आणि काचेची कपची जेवणात जाण्याइतकी वाईट गोष्ट दुसरी नाही. या दोन टोकांच्या मधली पट्टी अरुंद आहे. क्रॅकल, म्हणजे तड्यांचीच नक्षी, करणारा माणूस त्या पट्टीच्या बाहेर मुद्दाम पाय टाकतो.

पाय किती टाकायचा हे ठरवणारी मुख्य वस्तू म्हणजे सोडा. सोडियम आणि पोटॅशियम झिलईचं आकसणं वाढवतात. गारगोटी, बोरॉन, मॅग्नेशियम ते कमी करतात. मावशीच्या कपावरच्या झिलईत शंभरातले जवळजवळ ८० भाग सोडा फेल्डस्पार आहे, म्हणजे तडा तिच्या नशिबात लिहिलेलाच होता. शिकत असताना मला सगळ्यांत चकवलं ते गारगोटीनं. तडे थांबवायचे असतील तर सर सांगत, झिलईत गारगोटी वाढव. तरीही थांबले नाहीत, तर मातीतही गारगोटी वाढव. एकच वस्तू दोन्हीकडे घालून फरक कसा मिटेल? पण मिटतो. झिलईत गारगोटी पूर्ण विरघळून काच होते आणि त्या काचेचं आकसणं कमी करते. मातीत ती विरघळत नाही, स्फटिक म्हणून तशीच राहते. आणि क्वार्ट्झचा स्फटिक थंड होताना ५७३ अंशांना एकदम अंग चोरतो, त्याच्याबरोबर माती जास्त आकसते. हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी मातीकडे नव्यानं बघायला लागले.

*

भट्टी थंड व्हायला माझ्याकडे दीड दिवस लागतो. क्रॅकलची भांडी असली की मी थोडी घाई करते, १५० अंशांच्या आसपास झाकण बोटभर उघडते. गार हवा आत शिरते आणि आवाज सुरू होतो. टिंग. मग काही नाही. मग टिंग, टिण्. पैंजणाचं एखादं घुंगरू सुटून फरशीवर पडावा तसा. दर आवाजाला एक रेघ. पहिला तासभर झिम्मडच असते, मग आवाज विरळ होत जातो. भांडी फळीवर मांडून दिवा मालवल्यावर रात्री अंथरुणातही तो ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी दोन-चार, आठवड्यानं एखादा. महिन्यानंतर आपण त्या भांड्याला विसरलेलो असतो आणि भर दुपारी स्टुडिओत कुणी नसताना फळीवरून टिंग होतं.

पहिल्या दिवशीच्या रेघांत मी काळी शाई भरते. कापसाच्या बोळ्यानं चोळायची, रेघांत मुरू द्यायची, वरची पुसून घ्यायची. तोवर न दिसणारं जाळं एकदम उठून येतं. बाहेरून दर वेळी तीच कृती, तीच माती, तीच झिलई, भट्टीही तीच. आणि जाळं दर वेळी निराळं. झिलई जाड बसली असेल तिथे घरं मोठी पडतात, पातळ असेल तिथे बारीक. वाडग्याच्या तळाशी झिलई ओघळून साचते, तिथे मोठमोठे चौकोन. काठाकडे जाऊ तसं जाळं दाट. चाकावर ओढलेल्या भांड्यावर कधी कधी रेघा तिरप्या, जिन्यासारख्या वर चढत जातात. माती वर खेचताना बोटांनी तिला जो पीळ दिला, तो तिनं दोन भट्ट्या सोसूनही लक्षात ठेवलेला असतो. बुचकळताना चिमट्यानं पकडलेली जागा, झिलईखाली राहिलेला एक बुडबुडा, भट्टीत तारेच्या बाजूला असलेला गाल, यांतलं काहीही पहिल्या तड्याला जागा करून देतं. पहिला तडा गेला की दुसऱ्याचं गणित बदलतं, दुसऱ्यामुळे तिसऱ्याचं. म्हणूनच नक्की सांगता येत नाही. नियम सगळे ठाऊक आहेत. पण प्रत्येक रेघ आपल्याआधीच्या सगळ्या रेघांवर अवलंबून आहे.

उलट दिशेनं मात्र वाचता येतं. पडून गेलेल्या रेघांचा क्रम जाळ्यातच लिहिलेला असतो. तडा गेला की त्याच्या दोन्ही अंगांना आडवा ताण सुटतो. म्हणून नंतर येणारा तडा त्याला भेटताना काटकोनात वळतो आणि तिथेच थांबतो. ओलांडून जात नाही. जी रेघ दुसरीला टेकून संपते, ती धाकटी. भिंग घेऊन बसलं तर थोरली, मधली, शेंडेफळ असं सगळं कुटुंब मांडता येतं. मराठवाड्यात उन्हाळ्यात तळं आटल्यावर काळा गाळ भेगाळतो, त्याच्या मोठ्या भेगांना लहान भेगा अशाच काटकोनात येऊन टेकतात. पण अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर जाऊन बघा. तिथला बेसाल्ट काही कोटी वर्षांपूर्वी थंड होताना तडकला, आणि तिथे मात्र तीन-तीन भेगा एका बिंदूत समान कोनांनी भेटतात, म्हणून उभे बहुकोनी खांब झाले. थंड होणाऱ्या दगडात भेगा पृष्ठभागावरून आत आत सरकत जातात आणि सरकता सरकता आपसांत जागा वाटून घेतात. झिलईची जाडी मिलिमीटरसुद्धा नसते, भेगांना सरकायला जागाच नाही. जो आधी आला त्याचं खरं.

*

आपल्याकडे क्रॅकलला शब्द नाही. असायचं कारणही नव्हतं. कुंभाराच्या आव्यातून निघणाऱ्या माठाला, परळाला, पणतीला झिलई नसते. मडकं वाजवून घ्यायचं ही आपली परीक्षा, आणि तडकलेलं मडकं बद्द वाजतं. चिनीमातीच्या बरण्या आणि कपबशा घराघरांत आल्या, तेव्हा त्यांच्यावरची जाळी आपण म्हातारपणाची खूण मानली. तडा गेलेला कप पाहुण्याला द्यायचा नाही. जुन्या ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवरची जाळी तर सगळ्यांनी पाहिली असेल, हळदीनं पिवळी झालेली. त्या टाइल्स कारखान्यातून निघाल्या तेव्हा स्वच्छ होत्या. टाइलची सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतली ओल पिते, किंचित फुगते, आणि वरची काच ताणली जाते. भट्टीत थंड होताना जे झालं नाही, ते स्वयंपाकघरात वीस वर्षांनी होतं.

मावशीच्या कपाचंही हेच. माझी माती १२२० अंशांना पुरती घट्ट होत नाही, थोडं पाणी पितेच. रोजचा उकळता चहा, लगेच नळाचं गार पाणी, वर साताऱ्याचा पावसाळा. वापराच्या भांड्यांची परीक्षा करताना कुंभार मंडळी तुकडा आळीपाळीनं उकळत्या आणि बर्फाच्या पाण्यात टाकतात, महिन्यांत येणारे तडे चार दिवसांत दिसावेत म्हणून. मावशीनं ती परीक्षा आठ महिने घेतली होती.

रेघांत अन्न, दूध, ओल अडकते, आणि तडकलेल्या झिलईचं भांडं ताकदीलाही कमी पडतं. म्हणून वापराच्या भांड्यावर तडे हा दोषच आहे आणि त्यावर कलेचं पांघरूण घालू नये असं माझं ठाम मत आहे. पण तो दोष नजरेला इतका बांधून ठेवतो, की एका देशानं त्याचं शास्त्र केलं.

*

११२७ साली चीनमधलं सोंग घराण्याचं राज्य अर्धं गेलं. उत्तरेतून जुर्चेन आले, राजधानी काइफंग पडली, सम्राट आणि त्याचा बाप कैद झाले. उरलेला दरबार दक्षिणेला पळाला आणि काही वर्षांत आजच्या हांगचौ शहरात स्थिरावला. उत्तरेत राहिलेल्या गोष्टींत रू भट्ट्या होत्या, हनान प्रांतातल्या छिंगल्यांगस गावच्या. रू भांडी आज जगात शंभरही उरलेली नाहीत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात कुंचले धुवायचं एक लहानसं रू तबक २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरना गेलं. पाऊस थांबल्यावरच्या आभाळाच्या रंगाची ही झिलई, आणि तिच्यावर बारीक तडे. ते तडे हवे होते का? मला वाटतं, नव्हते. तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात रूची एक लांबट, उथळ कुंडी आहे, नर्गिसाचे कांदे लावायची. तिच्यावर एकही रेघ नाही, आणि तिची ख्याती त्यासाठीच आहे. कुंभारांना बहुधा अशी अखंड काच हवी होती, जेड दगडासारखी. साधली क्वचितच.

हांगचौला दरबारानं नव्या भट्ट्या उभारल्या. या भांड्यांना नाव पडलं ग्वान, म्हणजे सरकारी. एक भट्टी राजवाड्याजवळच्या फीनिक्स टेकडीवर होती. तिची जागा, लाओहूतोंग, १९९६ साली सापडली. दुसरी शहराबाहेर दक्षिणेला, आज तिथे ग्वान भट्टीचं संग्रहालय आहे. लाओहूतोंगला जमिनीत खड्डे सापडले, त्यांत फोडून पुरलेली भांडी. दरबाराला नापसंत ठरलेलं भांडं बाजारात जाऊ द्यायचं नव्हतं. त्या खापरांचा कुंभारांना आणि अभ्यासकांना झालेला उपयोग मोठा आहे, कारण अखंड भांडं पोटातलं दाखवत नाही. खापराची कड दाखवते. मधे काळसर मातीची पातळ चकती, आणि दोन्ही बाजूंनी झिलईचे थरावर थर, काही ठिकाणी मातीपेक्षा जाड. लोह असलेली तिथली माती काळी भाजे. कुंभार भांडं पापडासारखं पातळ करत, हलकं भाजत, झिलई चढवत, पुन्हा भाजत, पुन्हा चढवत. जेडची खोली यावी म्हणून ही सगळी यातायात.

इतकी जाड काच इतक्या पातळ अंगावर बसवली, की ती तडकणार. पण तडकली ती मोठ्या, लांब, धीराच्या रेघांनी. काठावर झिलई ओघळून पातळ होई, तिथून खालची माती जांभळट दिसे. तळाची उघडी कड लोखंडासारखी काळी. नंतरच्या रसिकांनी त्याला नावच दिलं, जांभळं तोंड आणि लोखंडी पाय. त्साव चावनं १३८८ साली लिहिलेल्या पुराण्या वस्तूंच्या ग्रंथात ते आहे, आणि रेघांना खेकड्याच्या नांगीची उपमाही. पुढे १५९१ साली काव ल्यान यानं तड्यांची प्रतवारीच लावली. बर्फ तडकल्यासारख्या, रेघांत ईल माशाच्या रक्ताची लाली असलेल्या जाळ्याला पहिला मान. शाईच्या रंगाच्या, पाकळ्यांसारख्या जाळ्याला दुसरा. बारीक चुऱ्यासारखं जाळं सगळ्यांत खाली. मी ही प्रतवारी वाचली तेव्हा माझी फळी आठवून हिरमुसले. माझं निम्मं काम तिसऱ्या वर्गातलं.

आणि मग क. हे भांडं मला सगळ्यांत जवळचं. या भट्ट्या नेमक्या कुठे होत्या यावर चिनी अभ्यासकांत आजही वाद चालू आहे, पण कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे. लोंगछ्वानला चांग आडनावाचे दोन भाऊ होते, दोघांच्या स्वतंत्र भट्ट्या. धाकट्याची झिलई अखंड, हिरवीगार. थोरल्याची तडकलेली. क म्हणजे थोरला भाऊ. तडे का गेले याच्या गोष्टी सांगणाऱ्यागणिक बदलतात. एकीत धाकटा मत्सरानं तापलेल्या भट्टीवर पाणी ओततो. मातीच्या शास्त्रात ते कितपत बसतं हा प्रश्न निराळा, पण लोकांनी तड्याचं मूळ भावकीत शोधावं, हे मला महाराष्ट्रात राहून अगदी समजतं.

क भांड्याची खरी ओळख त्याच्या दुहेरी जाळ्यात आहे. मोठ्या, विरळ, काळ्या रेघा. त्यांच्या घरांत बारीक, पिवळसर रेघांचं दुसरं जाळं. चिनी लोक याला म्हणतात सोन्याचे धागे आणि लोखंडी तारा. आधी आलेल्या मोठ्या तड्यांत गडद रंग मुरवायचा. मग भांडं तडकत राहतं, आणि नंतरच्या बारीक रेघांना फिकट रंग चढतो. म्हणजे दोन रंग हे दोन वेळांचे. कुंभारानं भट्टी लावली, रंग चोळला, आणि अर्धी नक्षी पुढच्या दिवसांवर सोडून दिली.

पाचशे वर्षांनी योंगचंग बादशहाच्या काळात चिंगतचन इथे थांग यिंग हा अधिकारी राजवाड्यातली जुनी ग्वान आणि क भांडी समोर ठेवून त्यांच्या नकला करवून घेत होता. त्या नकला फार सुरेख आहेत. तोवर झिलईचं गणित इतकं पक्कं झालं होतं, की तडे मागणीनुसार पाडता येत, मोठे हवे तर मोठे, बारीक हवे तर बारीक. त्या आधी, १७१२ साली, दँत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं तिथून घरी लिहिलेल्या लांबलचक पत्रात तडकणाऱ्या झिलईची कृतीही कळवली होती. पण मागणीनुसार पडायचा तो जाळ्याचा पोत. रेघेची जागा थांग यिंगलाही ठरवता आली नाही.

जपानमध्ये हागी गावच्या भांड्यांबद्दल निराळीच गोष्ट आहे. सच्छिद्र माती, मऊ फिकट झिलई, बारीक तडे. चहाचा पेला वापरात आला की चहा रेघांतून मातीत झिरपतो आणि वर्षांगणिक पेल्याचा रंग पालटतो. त्याला ते हागीचे सात पालट म्हणतात, आणि वापरलेल्या पेल्याला कोऱ्यापेक्षा जास्त मान असतो. कुंभार पेला देतो, पिणारा तो पुरा करतो.

*

दसऱ्याच्या आधी मी साताऱ्याला गेले. मावशीनं कप धुऊन टेबलावर ठेवला होता. खिडकीपाशी नेऊन मी भिंग लावलं. माझ्या शाईच्या काळ्या रेघा जिथल्या तिथे होत्या, आणि जवळजवळ प्रत्येक घरात चहाच्या रंगाच्या केसाएवढ्या रेघा, काळ्यांना काटकोनात टेकून थांबलेल्या. प्यायच्या बाजूला, ओठ लागतात तिथे, त्या सगळ्यांत दाट. उजेडात तिरपा धरला की त्यांत खरोखर सोनेरी झाक दिसत होती. मला हे कधी जमलं नव्हतं. मी चहात भांडी उकळून पाहिली होती, कॉफी, गेरू, आठवड्यानं दुसऱ्यांदा शाई, सगळं केलं होतं. दोन जाळी कधी इतकी वेगळी उठली नव्हती.

मी मावशीला क भांड्यांबद्दल सांगितलं. सोन्याचे धागे, लोखंडी तारा. तिनं नीट ऐकून घेतलं, थोरल्या भावाची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग म्हणाली, "म्हणजे हे मी केलं?"

"निम्मं तू केलंस."

वापरायला मी तिच्यासाठी दुसरा कप आणला होता, अखंड झिलईचा, बर्फाच्या आणि उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून दहादा गेलेला. तिनं तो ठेवून घेतला. जुना मी परत मागितला, स्टुडिओत नमुना म्हणून. तो द्यायला मात्र ती तयार झाली नाही. चहा त्यातून पिणार नाही, असं तिनं कबूल केलं, आणि देवघराच्या खिडकीत, पहाटेचं दव येतं तिथे, त्याला जागा दिली.

निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. दाराआडच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब होता, गॅसच्या सिलिंडरची तारीख होती. आणि आदल्या आठवड्यातल्या गुरुवारच्या चौकोनात, पेन्सिलीनं, मावशीच्या बारीक अक्षरात: कप, रात्री, टिंग – १.